परदेशस्थ दाते व दुष्काळातील मुले : अहमदनगर आणि केडगाव

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला असता त्याचे दोन भाग सहज ध्यानात येतात. पश्चिमेस मुळशी, मावळ, भोर हा सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेला डोंगरी मुलूख. येथे पाऊस उदंड, जमीन तुटपुंजी, आणि पीक भात, नाचणी व वरी यांचे. पूर्वेस शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हा सपाटीचा मुलूख. येथे जमीन ऐसपैस, पण पाऊस वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे तीन मोठे दुष्काळ या पूर्व भागाने भोगले. ख्रिस्ती मंडळींनी परदेशी द्रव्याच्या आधारावर चालविलेली मुलांची मोठी वसतिगृहे शोधू गेल्यास ती केडगाव, दौंड, शिरूर आणि पलीकडे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथेच सापडतात, म्हणजे याच अवर्षणाच्या पट्ट्यात व बहुतेक आगगाडीच्या रस्त्यालगत. मुळशी खोऱ्यातील मूलही दरसाल आषाढ-श्रावणात, जुने धान्य सरून नवे हाती येईपर्यंत, अर्धपोटी राहत असे. परंतु नित्याच्या उपासमारीला दुष्काळ म्हणत नाहीत. तिची बातमी होत नाही आणि तिचे छायाचित्र समुद्रापार जात नाही. १९२१ मध्ये टाटांच्या धरणापायी याच मुळशी पेट्यातील गावे उठू लागली आणि सेनापती बापट प्रभृतींनी सत्याग्रह उभारला, तेव्हा तो प्रश्न राजकीय म्हणून गाजला. तेथील मुलांच्या पोषणाचा प्रश्न म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. दूरच्या दात्याची करुणा खरी असली तरी तिला डोळे लागतात, आणि ते डोळे कोणी तरी पुरवावे लागतात. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेल्या व्यवहारात ते कोणी पुरविले, कोणत्या बोलीवर पुरविले, आणि त्या बोलीचा मुलावर व संस्थेवर काय परिणाम झाला, हे तपासणे अगत्याचे आहे.

परदेशी मुलाच्या पोषणाचा खर्च एका व्यक्तीने अथवा एका मंडळीने नेमून घ्यावयाचा ही कल्पना विसाव्या शतकाची समजली जाते. वस्तुतः ती बरीच जुनी आहे. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईस १८१३ मध्ये उतरले, आणि त्याच बोर्डाच्या सिंहलद्वीपातील जाफना येथील शाखेने पुढील दशकात मुलांची निवासी विद्यालये काढली. त्या विद्यालयांत दात्याने ठराविक वार्षिक रक्कम दिली की एका मुलाचा खर्च भागे, आणि त्या मुलास कोणते नाव द्यावे हे सुचविण्याचा अधिकारही दात्याकडे येई. तमिळ मुलांच्या हजेरीपटात न्यू इंग्लंडमधील धर्मोपदेशकांची नावे दिसू लागली ती या वाटेने. नामकरण हा आपल्याकडे आईबापांचा, आत्याचा व कुळाचा अधिकार. तो पैशाबरोबर समुद्र ओलांडून जातो ही गोष्ट लहान वाटली तरी पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज तीत आहे. दान देणारा मुलाचे पोट भरतो आणि त्या बदल्यात मुलाच्या ओळखीचा काही अंश मागतो. हा अंश केवढा असावा, एवढाच काय तो पुढील शंभर वर्षांतील वाद.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ मध्ये पडले. तेथील सिंथिया फरार यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली व तिच्यापासून स्फूर्ती घेतली हे सर्वश्रुत आहे. या आरंभीच्या काळात मिशनचा भर शाळांवर होता, अनाथगृहांवर नव्हता. मूल सायंकाळी आपल्या घरी जाई व त्याच्या पोटाची चिंता त्याच्या घरचे वाहत. परदेशी दात्याचा पैसा शिक्षकाच्या पगाराला व पुस्तकांना लागे. पोटासाठी पैसा ही बाब पुढे दुष्काळाने आणली.

तथापि दुष्काळापूर्वीच, वेगळ्या निमित्ताने, परदेशी वर्गणीदारांची अशी एक व्यवस्था उभी राहिली की तिच्यासारखी योजनाबद्ध व्यवस्था त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरी दाखविता येणार नाही. ती पंडिता रमाबाईंची. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ च्या आरंभी इंग्लंडहून फिलाडेल्फियास गेल्या. तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांच्या साहाय्याने १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. पुस्तकाची विक्री आणि गावोगावची व्याख्याने यांतून जी सहानुभूती उत्पन्न झाली तिला रमाबाईंनी विरून जाऊ दिले नाही. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक अध्यक्ष झाले, आणि फिलिप्स ब्रुक्स, फ्रान्सिस विलर्ड यांसारखी निरनिराळ्या पंथांची माणसे उपाध्यक्षांत होती. असोसिएशनच्या शाखांना ‘रमाबाई सर्कल’ म्हणत. सर्कलच्या सभासदाने दरसाल निदान एक डॉलर, आणि तो दहा वर्षे, देण्याचे वचन द्यावयाचे अशी रीत होती.

या दहा वर्षांच्या वचनाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. एकदाच दिलेली मोठी देणगी आणि दहा वर्षे चालणारी लहान वर्गणी यांत केवळ हिशेबाचा फरक नाही. पहिलीत दाता उपकार करून मोकळा होतो; दुसरीत तो संस्थेच्या आयुष्याशी बांधला जातो आणि दरसाल अहवाल मागण्याचा त्याचा हक्क उत्पन्न होतो. रमाबाईंना हे पूर्णपणे ठाऊक होते. स्वदेशी परतल्यावर १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात त्यांनी तेथील धर्मपंथ व दानधर्म यांस एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सामान्य स्थितीतील माणसे, विशेषतः स्त्रिया, एकत्र येऊन थेंबे थेंबे तळे कसे साचवितात याचे त्यांस अप्रूप होते. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर वाढलेल्या पंडितपरंपरेतील स्त्रीने एक डॉलरच्या वर्गणीचे महत्त्व ओळखावे, ही त्या काळाच्या मानाने असामान्य गोष्ट म्हटली पाहिजे.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले. संस्थेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, अशी बोस्टनच्या मंडळाची भूमिका होती. येथे एक विलक्षण योग दिसतो. परदेशी ख्रिस्ती दात्यांनी घातलेली अट धर्मांतराच्या बाजूची नव्हती. ती धार्मिक तटस्थतेची होती, म्हणजे पुण्यातील सुधारकांना हवी असलेलीच होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, मुंबईचे तेलंग यांनी सल्लागार म्हणून नाव द्यावे याचे कारण हेच. परदेशी द्रव्य म्हणजे परदेशी धर्म, हे समीकरण निदान या एका बाबतीत तरी आरंभी लागू पडत नव्हते.

ते पुढे लागू पडू लागले याचे कारण दाते नव्हेत, स्वतः रमाबाई. १८९१ च्या सुमारास त्यांच्या धर्मनिष्ठेने निराळे वळण घेतले. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. ज्या मुलीला यावेसे वाटे ती येई. कोणास बोलावणे नाही, कोणास मज्जाव नाही. हे तटस्थतेच्या शब्दाशी सुसंगत होते की काय, यावर १८९३ मध्ये पुण्यात रण माजले. ‘केसरी’ने कडक टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर इत्यादी सल्लागारांनी संबंध तोडला. या तंट्याची हकीकत चरित्रकारांनी वारंवार सांगितली आहे. तिच्यातील एक अंग मात्र दुर्लक्षित राहिले आहे. सल्लागारांनी आपली कैफियत बोस्टनला कळविली. रमाबाईंनीही आपली बाजू बोस्टनलाच मांडली. पुण्यातील एका घरात विधवा मुलींनी काय ऐकावे, याचा निवाडा करणारे पीठ हजारो कोसांवर होते, कारण द्रव्य तेथून येत होते. कार्यकारी समितीच्या प्रमुख ज्यूडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्यास येऊन राहिल्या व त्यांनी संस्थेचा कारभार पाहिला. मंडळ रमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. हा निर्णय उदार होता, परंतु निर्णय त्यांच्या हाती होता हे विसरता येत नाही. पुण्याच्या सुधारकांनी त्या घराचा खर्च आपल्या शहरात उभा केला असता, तर न्यायाचे ठिकाणही पुणेच राहिले असते. आगरकरांचा ‘सुधारक’ व टिळकांचा ‘केसरी’ यांनी तात्त्विक वाद कितीही रंगविला, तरी सदनाचे घरभाडे व मुलींची पुस्तके यांची तरतूद दोघांच्याही स्तंभांतून होत नव्हती.

दहा वर्षांची मुदत सरत आली आणि त्याच वेळी दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. यामागे केवळ धर्मबुद्धी नव्हती. १८७४ ते १८७७ च्या अन्नटंचाईत त्यांनी आपले वडील, आई व बहीण गमावली होती. दुष्काळातील मुलीला कोणत्या वाटा उरतात हे त्यांस पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. त्यांनी तीनशेच्या घरात मुली व तरुण विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतका मोठा जमाव शहरात ठेवता येईना, म्हणून आगगाडीच्या रस्त्यावरील केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतावर राहुट्या व छपऱ्या उभारून त्यांची सोय करण्यात आली. मुक्ती सदनाचा आरंभ हा असा प्लेग व दुष्काळ यांच्या कात्रीत झाला. या मुली बहुतांशी उच्चवर्णीय विधवा नव्हत्या. बोस्टनच्या सर्कलांनी ज्यांच्यासाठी डॉलर दिले होते त्या मुली वेगळ्या, आणि केडगावच्या राहुट्यांतील मुली वेगळ्या. त्यामुळे द्रव्याचा दुसरा झरा शोधणे भाग पडले.

याच सुमारास अमेरिकेत दुष्काळातील मुलांचे पोषण हा एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकाचा उद्योग बनला होता. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’चे चालक लुई क्लॉप्श यांनी वाचकांकडून निधी गोळा केला. मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाची आगबोट दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाली, आणि त्याच वर्षी क्लॉप्श स्वतः हिंदुस्थानात येऊन दुष्काळी प्रदेश पाहून गेले. परदेशातून थोड्या दिवसांसाठी यावे, छायाचित्रे घ्यावीत, परत जाऊन लिहावे व द्रव्य जमवावे, या प्रकारच्या मोहिमांचा हा एक ठळक आरंभ होय. द्रव्याच्या वाटपात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम हे अमेरिकन-हिंदी दुष्काळ निवारण समितीचे प्रमुख कार्यकर्ते होते. या कामाबद्दल सरकारने १९०१ मध्ये त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

दुष्काळ ओसरल्यावर मका संपला, पण मुले उरली. त्यांच्यासाठी ‘हेरल्ड’ने वाचकांपुढे योजना मांडली ती अशी : वर्षाला १५ डॉलर द्यावे आणि एक अनाथ मूल आपले म्हणून स्वीकारावे. मुलाचे नाव व हकीकत दात्यास कळे, पत्रव्यवहार होई. त्या वेळच्या दराने, म्हणजे पौंडास १५ रुपये या हिशेबाने, १५ डॉलर म्हणजे सुमारे ४६ रुपये. महिन्यास चार रुपयांहून थोडे कमी. एवढ्यात ज्वारी-बाजरीची भाकर, कोरड्यास, अंगावर जाडेभरडे वस्त्र व पाटीपुस्तक भागविता येई, चैन नव्हे. अमेरिकेतील मजूर कुटुंबालाही हा आकडा पेलण्याजोगा होता. योजनेचे यश यातच होते.

येथे भाषेकडे थोडे वळले पाहिजे. या व्यवहाराला इंग्रजीत जो शब्द वापरीत तो मूल ‘दत्तक’ घेण्याचा. मराठीत दत्तक हा धर्मशास्त्राचा व कायद्याचा शब्द आहे. दत्तकास गोत्र मिळते, वारसा मिळतो, पिंड देण्याचा अधिकार व कर्तव्य मिळते. ज्या घरात तो जन्मला त्या घराशी त्याचा संबंध तुटतो. वर्षास ४६ रुपये पाठविणाऱ्या ओहायोमधील कुटुंबाकडून त्या मुलास यांपैकी काहीही मिळत नव्हते. मराठीत या नात्यासाठी जुना, घरगुती व अधिक प्रामाणिक शब्द होता : ‘पोसणा’. पोसण्याचा संबंध अन्नाशी आहे, कुळाशी नाही. परंतु ‘पोसणा’ म्हणवून घेण्यात कमीपणा, आणि ‘पोसतो’ म्हणण्यात गर्व येतो. ‘दत्तक’ हा शब्द दोन्ही झाकतो. म्हणूनच पुढे ‘दत्तक’ हा शब्दच जिंकला. महाराष्ट्र शासनाच्या सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेपासून गाव वा शाळा ‘दत्तक’ घेण्यापर्यंत त्याचा जो पसारा झाला आहे त्यात वारसा व पिंड यांचा लवलेशही उरलेला नाही. शब्दाची प्रतिष्ठा घ्यावी आणि त्याचे दायित्व गाळावे, हा अर्थपरिवर्तनाचा प्रकार नवा नव्हे. मात्र दानाच्या क्षेत्रात तो जितका सोयीचा झाला तितका अन्यत्र क्वचितच.

‘अनाथ’ या शब्दाची गंमतही अशीच आहे. मिशनच्या लेखी अनाथ म्हणजे आईबाप नसलेले मूल. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली तेव्हा त्यांच्या लेखी ‘अनाथ’मध्ये नाथ नसलेली, म्हणजे प्रामुख्याने विधवा झालेली, मुलगी येत होती. दुष्काळात तर या शब्दाच्या कडा फारच पुसट झाल्या. कित्येक मुलांची आई वा बाप जिवंत असे, पण मजुरीच्या शोधात ताटातूट झालेली असे, किंवा आईनेच मूल जगावे म्हणून ते मिशनच्या दाराशी सोडलेले असे. दात्याच्या वहीत ‘अनाथ’ हा निःसंदिग्ध शब्द लागे. दुष्काळातील वस्तुस्थिती तितकी निःसंदिग्ध नव्हती. या संदिग्धतेतूनच मोठा वाद निघाला. पंजाबात लाला लजपतराय व आर्यसमाजी कार्यकर्ते यांनी हिंदू अनाथांच्या संगोपनाची चळवळ उभारली, आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लजपतराय यांनी सरकारने अशी मुले प्रथम त्यांच्या धर्मबांधवांच्या स्वाधीन करावी या भूमिकेने साक्ष दिली. संकटकाळी पोटासाठी धर्म बदलावा लागणे अन्यायाचे आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मिशनऱ्यांचे उत्तरही तितकेच रोकडे होते : मूल मरत होते तेव्हा दुसरे कोणी पुढे आले नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असल्यामुळे हा वाद मिटला नाही.

अहमदनगरच्या मिशनपुढे व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला तो वेगळा. दाता वर्षाच्या बोलीने बांधलेला, आणि मूल वाढावयास दहा-बारा वर्षे घेणार. नवा दुष्काळ अथवा दुसऱ्या देशातील नवी आपत्ती आली की वाचकांचे लक्ष तिकडे जाणार हे उघड होते. म्हणून मुलांच्या हातांना धंदा देण्याकडे मिशन वळले. नगर येथील सर दिनशा माणेकजी पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे यांचे शिक्षण चाले. शिरूर येथे विन्सर यांनी घायपाताच्या वाखाचा उद्योग पुढे आणला. अवर्षणाच्या बांधावर फुकट वाढणाऱ्या वनस्पतीचा दोर वळून पोट भरण्याची ही कल्पना त्या मुलखाला शोभणारी होती. यंत्रशास्त्र शिकलेले डी. सी. चर्चिल यांनी नगरात हातमागात सुधारणा करून जलद चालणारा माग तयार केला आणि तो देशभर ‘चर्चिल माग’ या नावाने ओळखला गेला. परदेशातून आलेल्या स्वयंसेवकांत प्रवचने करणारे पुष्कळ झाले. हाताखालच्या मुलाला उद्या दात्याची गरज उरू नये अशा खटपटीत आयुष्य घालविणारे थोडे. चर्चिल यांची गणना दुसऱ्या वर्गात करावी लागेल.

केडगावची वाट याहून भिन्न. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. दहा वर्षांची मुदत पूर्ण झाली होती. त्यांनी हिशेब सादर केला, जुने मंडळ विसर्जित होऊन नवे अमेरिकन रमाबाई असोसिएशन निघाले व शारदा सदनाला त्याचे साहाय्य चालू राहिले. मुक्तीचा खर्च मात्र त्यांनी कोणत्याही मंडळाच्या वचनावर टाकला नाही. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांची अनाथगृहे आणि हडसन टेलर यांचे चीनमधील मिशन यांच्या वृत्तांतांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. वर्गणीची बोली करावयाची नाही, कर्ज काढावयाचे नाही, ईश्वर देईल त्यावर चालावयाचे, असा तो मार्ग. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केझिक येथील धर्मसभेत त्या उपस्थित होत्या आणि तेथून त्यांस प्रार्थनेचे व द्रव्याचेही नवे साहाय्यक मिळाले. हे नवे दाते बोस्टनच्या युनिटेरियनांसारखे तटस्थतावादी नव्हते. मुलींनी ख्रिस्ताचा स्वीकार करावा हीच त्यांची आकांक्षा होती. सारांशाने नव्हे तर काटेकोरपणे बोलावयाचे तर, रमाबाईंनी लेखी अट टाकून दिली व अलिखित अपेक्षा पत्करली. फरक इतकाच की ही अपेक्षा त्यांचीही होती, म्हणून ती त्यांस अट वाटली नाही. मुलींना ती काय वाटली, याचे उत्तर संस्थेच्या छापील अहवालांवरून देणे धाडसाचे होईल; ते अहवाल मुलींसाठी लिहिलेले नव्हते.

मागावयाचे नाही हे तत्त्वही बारकाईने पाहिले पाहिजे. ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे इंग्रजी पत्रक केडगावहून निघे व त्यात संस्थेच्या गरजा प्रार्थनेचे विषय म्हणून नमूद होत. विहिरीस पाणी लागावे, धान्याचे भाव उतरावेत, मुलींना कपडे मिळावेत, हे वाचणाऱ्यास काय करावयाचे ते निराळे सांगावे लागत नसे. न मागता सांगणे हाही मागण्याचाच एक प्रकार होय, आणि भिक्षेच्या प्राचीन परंपरेत वाढलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्येला तो अनोळखी नव्हता. पुराण सांगून जे येईल त्यावर निर्वाह करीत सारा देश पायी तुडविलेल्या त्या कुटुंबाची वृत्ती आणि म्यूलर यांची श्रद्धा यांचे केडगावला झालेले मीलन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व काठेवाडातून (तेथे हा ‘छप्पनियो’ म्हणून स्मरणात आहे) शेकडो मुली आल्या आणि केडगावची लोकसंख्या १,९०० च्या घरात गेली. एवढ्या मोठ्या कुटुंबात मराठी, गुजराती व हिंदी बोलणाऱ्या मुली एकत्र राहिल्या. दुराचारातून वाचविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अपंग व वृद्ध स्त्रियांसाठी प्रीती सदन, लहान मुलांसाठी सदानंद सदन अशा शाखा झाल्या. मदतीस परदेशातून अनेक स्त्रिया आल्या, आणि त्या फेरफटक्यास आल्या नव्हत्या. मेथडिस्ट पंथाच्या मिनी एब्रम्स १८९८ मध्ये येऊन वर्षानुवर्षे राहिल्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई अमेरिकेत शिकून परतल्या व १९०२-०३ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा करून तेथे साहाय्यक मंडळी जोडली. शेजारी दौंड येथे अ‍ॅल्बर्ट नॉर्टन हे मुलग्यांचे वसतिगृह चालवीत. संस्थेचा कारभार मात्र रमाबाईंच्या व त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या हिंदी स्त्रियांच्या मुठीत राहिला. परदेशी स्वयंसेविका येथे एका हिंदी स्त्रीच्या आज्ञेत काम करीत, ही गोष्ट त्या काळच्या मिशनांच्या इतिहासात दुर्मीळ आहे आणि तिचे श्रेय दानाच्या पद्धतीला द्यावे लागेल. कोणत्याही एका मंडळाचे द्रव्य निर्णायक नसल्याने कोणतेही एक मंडळ धनी होऊ शकले नाही.

‘मुक्ती’ हे नावही विचारपूर्वक घेतलेले दिसते. मराठी बायबलात व ख्रिस्ती मंडळींच्या बोलीत याच कल्पनेसाठी ‘तारण’ हा शब्द रुळलेला होता. तारण म्हणजे तारणे, पार नेणे. परंतु मराठी व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तूही. ज्या संस्थेच्या डोक्यावर कर्ज नको आणि ज्या मुलींना कोणाच्या उपकाराखाली गहाण ठेवावयाचे नाही, तिच्या नावासाठी ‘तारण’ टळले हे भाषेच्या दृष्टीने बरेच झाले. ‘शारदा’कडून ‘मुक्ती’, ‘कृपा’, ‘प्रीती’ असा नावांचा प्रवास पाहिला तर विद्येकडून भक्तीकडे झालेले रमाबाईंचे स्थित्यंतर त्यात उमटलेले आहे. ‘सदन’ एवढा भाग कायम राहिला. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात ‘सेवासदन’ स्थापिले तेव्हा शारदा सदनाशी भांडण झालेल्या वर्तुळातूनच तो शब्द पुन्हा वर आला. तसेच विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गासाठी संस्था काढताना ‘मिशन’ हा शब्द जसाच्या तसा उचलला. स्वतः शिंदे युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते; परदेशी पोषणाचा तो आणखी एक, अधिक सुफल व कमी वादग्रस्त प्रकार.

केडगावच्या मुली विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, भाजीपाला, शिवण व छपाई ही कामे करीत. पैकी छापखान्याने सर्वांत टिकाऊ फळ दिले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, त्यापूर्वी थोडेच दिवस ते काम संपले होते. मनोरमाबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. हे बायबल १९२४ मध्ये केडगावलाच छापून पूर्ण झाले. त्याचे खिळे जुळविणारे हात दुष्काळातून आणलेल्या मुलींचे होते. यांतील अनेक मुली आल्या तेव्हा मराठी त्यांची भाषाही नव्हती.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो मुख्यतः पद्धतीच्या विस्ताराचा आहे. १९३८ मध्ये चिनी मुलांसाठी, १९५० च्या आसपास कोरियन मुलांसाठी अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती संस्थांनी ‘हेरल्ड’ची जुनी युक्ती मासिक रकमेवर आणून शास्त्रशुद्ध केली : एक दाता, एक मूल, एक छायाचित्र, एक अनुक्रमांक. जर्मनीत १९५९ मध्ये स्थापन झालेल्या किंडरनोटहिल्फ या संस्थेचे पहिले कार्यक्षेत्र हिंदुस्थानच होते. केडगावची संस्था आजही चालू आहे व ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका येथील मंडळ्यांशी तिचे नाते टिकून आहे. मात्र निवाड्याचे ठिकाण बदलले आहे. १८९३ मध्ये ते बोस्टनला होते; १९७६ च्या व पुढे २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याने ते दिल्लीस आले. मार्च २०१७ मध्ये कंपॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेला येथील काम बंद करावे लागले. २०२४ च्या आरंभी वर्ल्ड व्हिजन इंडियाची नोंदणी रद्द झाली. २०२० च्या दुरुस्तीनुसार विदेशी अंशदान प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागते, आणि एका संस्थेने घेतलेले असे द्रव्य दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. ज्या लहान वसतिगृहांना स्वतःची नोंदणी नव्हती व मोठ्या संस्थांच्या हातून मिळणाऱ्या वाट्यावर जी चालत, त्यांचा तो वाटा या तरतुदीने थांबला.